जामिनावरचा माणूस

सकाळी कोर्टात आल्यावर माणसं पंखा लावतात, पाणी पितात, आज कोण आलं नाही याची चौकशी करतात. आमचे नाझर भोईरसाहेब खिसा उलटा करायचे. शर्टाचा, मग पँटचे दोन्ही, मग मागचा. नोटा टेबलावर, चिल्लर टेबलावर, किल्ल्या बाजूला. मग सगळं मोजून, पुन्हा एकदा मोजून, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "माझे तीनशे दहा." आणि समोरच्या वहीत लिहून सही ठोकायचे. कोर्टाच्या भिंतीवरचं घड्याळ मागेपुढे व्हायचं, पण हे कधी चुकलं नाही.

नाझर म्हणजे कोर्टाचा खजिनदार. आरोपींचे दंड, दाव्यातल्या अनामती, नवऱ्यांनी तोंड वाकडं करून भरलेली बायकांची खावटी, साक्षीदारांचा भत्ता, असलं सगळं त्याच्या हातून येतं आणि जातं. रोकड हाताळणाऱ्यानं आपल्या खिशात स्वतःचे किती आहेत ते सकाळीच लिहून द्यायचं असा सरकारी दंडक आहे. बाकीचे लोक अंदाजपंचे शंभर लिहून मोकळे होतात. भोईरसाहेबांनी मात्र एकदा खिशाच्या शिवणीत अडकलेलं एक रुपयाचं नाणं दुपारी सापडलं म्हणून वही परत उघडून दुरुस्तीची नोंद केली होती, आणि त्या दुरुस्तीवर जज्जसाहेबांची सही घ्यायला गेले होते. साहेब खुनाच्या खटल्यात साक्ष घेत होते. भोईरसाहेब वही घेऊन साक्ष संपेपर्यंत दारात उभे राहिले.

मी डोंबिवलीची. नोकरी नवीन लागलेली, नवी साडी, नवा डबा, अशी थाटात कल्याणच्या बाजूच्या आमच्या त्या कोर्टात हजर झाले. नाझर शाखेत गेले तर समोर हे. काळेसावळे, आडदांड, सफारीत, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची चेन. मला वरखाली बघून पहिला प्रश्न विचारला, "खिशात किती?"

मी हबकलेच. पहिल्याच दिवशी? तेही इतकं उघड? आई निघताना म्हणाली होती की सरकारी ऑफिसात लोक मागतात, पण चहापाणी तरी होऊ देतात. मी जरा घुश्शातच विचारलं की कशासाठी. तर म्हणाले, "माझ्यासाठी नाय, बाय. तुझ्यासाठी. संध्याकाळी तुझे तुला ओळखता आले पायजेत."

पर्स टेबलावर रिकामी करायला लावली. मी दोनशे सांगितले होते, निघाले तीनशे. आईनं लायसनच्या कव्हरात मला न सांगता शंभराची नोट कोंबून ठेवली होती. भोईरसाहेबांनी ती नोट दोन बोटांत धरून माझ्याकडे अशी बघितली की आता सरकारी वकील उभे राहतात की काय असं मला वाटलं. "आपले आपल्याला म्हाईत नाय आणि सरकारचे मोजायला आली," एवढंच बोलले. त्या दिवशी घरी जाऊन मी आईशी कडाकडा भांडले.

माणूस श्रीमंत होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कोणाला वाटेल गरीब बिचारा प्रामाणिक कारकून. गरीब कसला! कोपरीतला जुना आगरी माणूस. घरची जमीन होती तिथे आता टॉवर उभे आहेत, तीन मजली बंगला, दारात पांढरी मोठी गाडी. ती गाडी मुलगा चालवायचा आणि साहेबांना कोर्टाच्या बरंच अलीकडे सोडायचा, कारण नाझरानं असल्या गाडीतून उतरणं बरं दिसत नाही असं त्यांचं मत. गळ्यातल्या चेनीचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले की ती नियमात बसते, नियम रोख रकमेचा आहे. घरी मुलानं लाख रुपये इकडचे तिकडे केले तर हे विचारायचेही नाहीत. आणि इथे पाच रुपयांची कोर्ट फीची तिकिटं जुळली नाहीत की घामाघूम. याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं. "घरचा पैसा म्हंजे घरची कोंबडी, अंगणात फिरते, येते परत. सरकारचा पैसा म्हंजे पावन्याचं पोर. खेळवायचं, मांडीवर घ्यायचं, पन संध्याकाळी जसंच्या तसं द्यायचं. खरचटलंसुद्धा नाय पायजे."

सगळं दोनदा मोजायचं, हा त्यांचा धर्म. बँकेच्या मशीननं मोजलेलं ते पुन्हा हातानं मोजायचे, मशीनवर राग नाही पण विश्वासही नाही. आम्ही कारकुनांनी केलेली दिवसाची बेरीज ते पुन्हा करायचे, पेन्सिलीनं, ओठ हलवत. मध्ये कोणी बोललं की पहिल्यापासून. कोर्टात फोनवरून पैसे भरायचा चौकोनी ठिपक्यांचा बोर्ड लागला तेव्हा तर त्यांना सुतकच आलं. पैसा दिसतच नाही, मग मोजायचं काय! शेवटी त्यावरही तोड काढली. पैसे आल्याचा मेसेज आला की फोन नाकाशी धरून त्यातली शून्यं बोटानं मोजायचे, दोनदा.

खावटी न्यायला बायका यायच्या तेव्हा मात्र हा माणूस वेगळाच व्हायचा. आपण मोजून झालं की गड्डी बाईपुढे सरकवायचे आणि तिला मोजायला लावायचे. बऱ्याच जणी लाजायच्या, साहेब तुम्ही मोजलेत म्हणजे बरोबरच असणार म्हणायच्या. हे ऐकायचे नाहीत. "मोज बाय. तुजे हायत. नवरा चुकला तेवढं बास झालं, नाझर चुकाया नको." कधी कधी मोजता न येणारी एखादी असायची. तिला ते आपल्या शेजारी बसवून दहा-दहाचे गठ्ठे करून शिकवायचे आणि तोवर बाहेर वकिलांची रांग खोळंबायची. खोळंबू दे म्हणायचे.

पण या दोनदा मोजण्यापायी त्यांनी घरात केवढा राडा करून ठेवला होता, ते कोपरीत अजून सांगतात. पुतण्याचं लग्न. आगऱ्यांचं लग्न म्हणजे काय विचारता, अख्खं गाव जेवायला. आहेराच्या पाकिटांची पिशवी सांभाळायला विश्वासाचा माणूस हवा, म्हणून भावानं ह्यांना बसवलं. आता अशा वेळी माणूस काय करतो? पाकीट घेतो, हसतो, जेवून जा म्हणतो. हे टेबल-खुर्ची लावून बसले. पाहुणा आला की पाकीट त्याच्यासमोर फोडायचे, आतले पैसे दोनदा मोजायचे आणि पावती द्यायचे. रांग मांडवाच्या बाहेर गेली. आणि मग वधूपक्षाकडचे एक मोठे मातब्बर आले, त्यांच्या पाकिटावर लिहिलेलं पाचशे एक आणि आत निघाले एकशे एक. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. भोईरसाहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं की रक्कम दुरुस्त करता की पाकीट. मातब्बर न जेवता गेले. भाऊ सहा महिने बोलत नव्हता. मी हे ऐकून पोट धरधरून हसले तर साहेब गंभीरपणे म्हणाले की त्यात हसण्यासारखं काय आहे, मी पावती एकशे एकचीच दिली.

पैसे कमी पडले तर ते चिडायचे, पण जास्त भरले तर घाबरायचे. मला हे आधी उलटं वाटायचं. कमी पडले तर पगारातून भरता येतात, असं ते सांगायचे, पण जास्त आले याचा अर्थ कोणाच्या तरी घरी तेवढे कमी गेले, आणि तो कोण हे सरकारला ठाऊक नाही. एकदा असेच पन्नास रुपये जास्त झाले. दोनदा मोजलं, चारदा मोजलं, पन्नास काही जाईनात. शेवटी त्यांनी नोटा एकेक उजेडात धरून बघितल्या आणि दोन कोऱ्या पन्नासच्या नोटा काढल्या. दोन्हींना कुंकू लागलेलं. "या देवापुढच्या हायत," म्हणाले. मग मलाही आठवलं. रिक्षा वेडीवाकडी लावली म्हणून दंड भरायला आलेला एक दिनेश नावाचा पोरगेला रिक्षावाला. त्यानं रिक्षातल्या देवाच्या तसबिरीमागून काढलेल्या नोटा दिल्या होत्या. कोऱ्या नोटा, एकमेकींना चिकटलेल्या, एक जास्तीची आली होती.

दुसऱ्या दिवशी भोईरसाहेब स्वतः डोंबिवलीच्या रिक्षा स्टँडवर गेले. शहाणपण असं केलं की सोबत शेलारला घेतलं. शेलार आमचा बेलिफ, समन्स बजावणारा, आणि त्याला अख्खी डोंबिवली ओळखते. शेलार लांबून दिसला तसा स्टँड रिकामा झाला. रांगेतले प्रवासी तेवढे उभे राहिले. हे दोघे दिनेश कुठे, दिनेश कुठे विचारत हिंडले, त्यामुळे कोर्टाचे लोक दिनेशला धरायला आलेत ही बातमी त्याच्या घरी पोचली आणि तो मामाच्या गावाला पळाला. त्याचा धंदा दोन दिवस बुडाला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको रडत रडत आली, सोबत वकील. वकिलानं आल्या आल्या माझा अशील निर्दोष आहे वगैरे सुरू केलं. साहेबांनी शांतपणे पन्नासची नोट पुढे केली, बाईकडून मोजून घेतली, जज्जसाहेबांच्या हुकमाखाली तिची सही घेतली. नंतर कळलं, वकिलानं यायचे तीनशे घेतले होते. हे कळल्यावर साहेबांना इतकं वाईट वाटलं की ते वकिलालाच जाऊन म्हणाले, पावती दिलीत का?

आणि त्यांचं ते एक पालुपद. कोर्टात कोणी जामीन हा शब्द उच्चारला, आणि कोर्टात तो दिवसातून शंभरदा उच्चारला जातो, की साहेब हळूच म्हणायचे, "या कोर्टात दोनच जातीची मानसं जामिनावर असतात. एक आरोपी आनि दुसरा नाझर."

ते खरंच आहे. नाझराच्या हातात सरकारचा पैसा असतो, म्हणून नेमणुकीच्या वेळी त्याला जामीनदार द्यावा लागतो. उद्या नाझरानं घोटाळा केला तर ज्याच्या जमिनीतून सरकार वसूल करील असा कोणीतरी. आरोपीचा जामीन खटला संपला की सुटतो, नाझराचा नोकरी संपेपर्यंत चालू. संध्याकाळी सहा वाजले की भोईरसाहेब टेबल आवरायचे आणि म्हणायचे, "चला, माझा जामीनदार वाट बघत असंल. हजेरी चुकली तर आत टाकील." जज्जसाहेबांनी कधी जादा वेळ थांबायला सांगितलं तरी हेच उत्तर, मात्र जरा नम्रपणे. आम्हाला वाटायचं हा त्यांचा विनोद. कोणी गावचा सावकार असेल, नाहीतर भाऊ असेल. भावाशी तर वाकडं, मग कोण, असं आम्ही डबा खाताना तर्क करायचो. विचारलं की ते गालात हसायचे. बाकीच्या गोष्टींत पावती देणाऱ्या या माणसानं या एका गोष्टीची पावती कधी दिली नाही.

त्यांची निवृत्ती जवळ आली आणि माझं नशीब अचानक उघडलं. नाझरपदासाठी सेवाज्येष्ठतेनं माझं नाव आलं. पगार वाढणार होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती खुर्ची. इतकी वर्षं त्या खुर्चीशेजारी बसून पैसे मोजलेले, ती मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. आता म्हणे विम्याचा कागदही चालतो कुठे कुठे, पण आमच्या तेव्हाच्या जज्जसाहेबांनी स्पष्ट सांगितलं की जमीनजुमला असलेला जामीनदार हवा, आणि भोईर कार्यभार सोपवतील त्या दिवसापर्यंत हवा. नाहीतर यादीतलं पुढचं नाव.

मला काय वाटलं, हे काय अवघड! घरी आले, नवऱ्याला सांगितलं. मिलिंद म्हणाला आपला फ्लॅट आहे की. फ्लॅट आपला कसला, बँकेचा. अजून निम्मे हप्ते बाकी. मग माझे वडील, तर ते जन्मभर भाड्याच्या खोलीत. मग मी माझे वर्तकनगरचे दीर धरले. दोन फ्लॅट, एक गाळा, आणि सदा मला म्हणणारे की वहिनी, तुमच्यासारखी सरळ बाई शोधून सापडायची नाही. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. गावाला गेले की जाऊबाईंचे दागिनेसुद्धा माझ्याकडे. मी कागद पुढे केला तर दिरांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला. म्हणाले की विश्वासाचा प्रश्नच नाही हो, पण कागद म्हणजे कागद. जाऊबाईंनी घाईघाईनं शिरा केला. इतका चांगला शिरा त्यांनी आधी कधी केला नव्हता.

मग मामा, मग मिलिंदचा मित्र, मग सोसायटीचे चेअरमन. सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता, सहीपुरता नव्हता. चेअरमननी तर गणपतीची सगळी वर्गणी यंदाही तुम्हीच सांभाळा म्हणून वर गळ घातली. मी घरी येऊन रडले. राग कोणाचा आला होता कळत नव्हतं, बहुधा शिऱ्याचा.

राहता राहिले भोईरसाहेब. तीन मजली बंगल्याचा मालक माझ्या हाताच्या अंतरावर रोज बसत होता. मागायला जीभ वळेना. शेवटी एका दुपारी, तिकिटं मोजता मोजता, मी सहज बोलल्यासारखं करून सांगितलं की जामीनदार मिळत नाही, बहुतेक खुर्ची जाणार. त्यांनी मोजणं पुरं केलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाले, "जामिनावरच्या मानसाला दुसऱ्याला जामीन ऱ्हाता येत नाय."

बस. एवढंच. नियम सांगितला. मला वाटलं, बरोबर आहे, पाहुण्याचं पोर ते मीच. मी तडक उठून पाणी प्यायला गेले आणि आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. डब्यातली भाजीसुद्धा दिली नाही. एरवी माझ्या वालाच्या बिरड्यावर त्यांचा जीव. त्यांनी काही विचारलं नाही. उलट मी टोमणा मारला की साहेब आता निवृत्तीला आलात तसे आळशी झालात, माझ्या बेरजेची चिठ्ठी बघता न बघता पेपरवेटखाली सरकवता. त्यावर नुसतं हूं म्हणाले.

शेवटचा दिवस उजाडला. हार आला, नारळ आला, पेढे आले. साहेबांनी सकाळी नेहमीसारखा खिसा उलटा केला, माझे दोनशे ऐंशी, असं सांगितलं आणि लोखंडी तिजोरी उघडून कार्यभाराची मोजणी सुरू केली. यादीतलं पुढचं नाव म्हणजे आमचे एक सहकारी, तेही नवीन शर्ट घालून आलेले. मी कोपऱ्यात बसून पेढ्यांची ताटं भरत होते. दुपार झाली तशी दारात एकदम सुक्या मासळीचा घमघमाट सुटला.

दारात एक ठेंगणी, गोल, हिरव्या नऊवारीतली बाई उभी. कोपरापर्यंत बांगड्या, हातात प्लास्टिकची पिशवी. मागे तो गाडीवाला मुलगा, दोन पिशव्या घेऊन, मान खाली. बाईंनी सरळ आत येऊन जज्जसाहेबांच्या स्टेनोला बाजूला सारलं आणि टेबलावर पिशवी ठेवली. पिशवीतून आधी निघाले सोडे, मग सुकट, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोंबील, आणि सगळ्यात खाली सातबारा.

भोईरसाहेब उभे राहिले. जज्जसाहेब समोर असताना सुद्धा इतक्या अदबीनं उभं राहिलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "हा माझा जामीनदार."

आम्ही सगळे बघतच राहिलो. त्या साहेबांच्या बायको, हिराबाई. खाडीच्या बाजूला, डोंबिवलीकडे त्यांचं माहेर. वडिलांनी लेकीच्या नावावर मिठागराला लागून जमीन केली होती. साहेब नाझर झाले तेव्हा बापभावांच्या जमिनीचे तंटे चालले होते, कोणी सही देईना. तेव्हा हिराबाईंनी आपली जमीन नवऱ्यासाठी जामीन ठेवली. माहेरचे म्हणाले होते, नवऱ्याला कोण जामीन राहतं? हिराबाई म्हणाल्या होत्या, नवऱ्याला नाय ऱ्हायचं तं कोनाला ऱ्हायचं. तेव्हापासून हा माणूस दर संध्याकाळी त्यांच्याकडे हजेरी देत होता. आणि ती पडीक खारवट जमीन आता इतक्या मोलाची झाली होती की तिच्यावर आणखी दहा नाझरांना जामीन राहता आलं असतं.

हिराबाईंनी मला पायापासून केसापर्यंत पाहिलं. मी हातातलं पेढ्याचं ताट खाली ठेवायचंही विसरले होते.

"हीच का ती बिरड्यावाली?"

साहेबांनी मान हलवली.

"जमीन माज्या बापानं दिल्याली हाय," त्या मला नाही, साहेबांना सांगत होत्या. "तुमच्यासाठी ठेवली तवा मी कोनाला इचारलं नाय. हिच्यासाठी तुमाला इचारतंय. पोर कशी हाय?"

 आमच्या साहेबांनी जन्मात कोणाची तारीफ केली नव्हती. बढतीसाठी गोपनीय अहवाल लिहायचे त्यातसुद्धा 'काम करतात' एवढंच लिहायचे. त्यांनी तिजोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिजोरीकडे.

"हिची बेरीज मी दोनदा करत नाय," ते म्हणाले.

हिराबाईंनी लगेच पेन मागितलं. हिरा ही दोन अक्षरं इतकी सावकाश, इतकी दाबून लिहिली की खालच्या तीन कागदांवर उमटली. मी तिथे उभी, आणि मला तेव्हा सुचलं की पेपरवेटखाली न बघता सरकवलेल्या त्या चिठ्ठ्या आजच्या-कालच्या नव्हत्या. कितीतरी वर्षं ते माझी बेरीज पुन्हा करतच नव्हते. ज्या माणसाचा बँकेच्या मशीनवर विश्वास नव्हता, त्यानं मला कळूही न देता हे केलं होतं. आणि मी त्याला आळशी म्हटलं. मला रडू आवरेना. हिराबाईंनी जवळ घेतलं, त्या पदराला सोड्यांचा वास येत होता. माझ्या जामीनपत्राला तो वास अजून येतो. तपासणीला येणारे अधिकारी फाईल उघडतात आणि इकडे तिकडे बघतात. मी काही सांगत नाही.

संध्याकाळी किल्ल्या माझ्या हातात देताना साहेबांनी तिजोरीतली रोकड मला मोजायला लावली. मी मोजली, त्यांना आवडेल म्हणून पुन्हा मोजली. मग ते हार घालून, नारळ घेऊन दाराशी गेले आणि परत आले. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी खिशातले पैसे काढून मोजले. पेढेवाल्याचे वीस सुटे त्यांच्या खिशात आले होते, ते द्यायला परत आले होते.

भोईरसाहेब निवृत्तीनंतर फार दिवस राहिले नाहीत. झोपेत गेले. दहाव्याला मी कोपरीला गेले तेव्हा बंगला माणसांनी भरलेला, सहा महिने न बोललेला भाऊ सगळ्यात जास्त रडत होता. हिराबाई कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. मी पाया पडले तर मला धरून म्हणाल्या, "त्यांचा जामीन सुटला, बाय. तुजा नाय सुटला. म्हैन्याला येऊन हजेरी देत जा."

मी जाते. महिन्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी, बिरड्याचा डबा घेऊन. रोज सकाळी कोर्टात खिसा उलटा करते, म्हणजे पर्स, आणि नव्यानं लागलेल्या पोरी तोंडाला पदर नाही तर ओढणी लावून हसतात. हसू देत. दिरांनी मधे एकदा शिरा खायला बोलावलं होतं, मी वेळ नाही सांगितलं.

कोपरीला पोचले की हिराबाई दार उघडतात आणि उंबऱ्यातच अडवतात. साहेब नाहीत म्हणून काय झालं.

"खिशात किती हायत?"

मी आकडा सांगते. त्या मोजून बघत नाहीत. "ये," म्हणतात, "भाकरी गरम हाय."